किरणोत्सारी धूळ शेतात पडली तर

सुरतेहून तापीच्या काठाने वर गेले की मांडवीच्या पुढे काकरापार लागते. तिथल्या बंधाऱ्याचे पाणी आपल्या ऊस-भाताला येते आणि तिथेच अणुवीज केंद्रही आहे. 11 मार्च 2016 रोजी सकाळी या केंद्रातील पहिल्या भट्टीची एक नळी फुटून जड पाणी गळू लागले. भट्टी आपोआप बंद झाली, केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. मात्र बाहेरचा किरणोत्सार ठरलेल्या मर्यादेतच राहिला. जपानमधील फुकुशिमाच्या अपघाताला त्याच दिवशी 5 वर्षे पूर्ण होत होती.

जमीन वाचवण्याचा पहिला बंदोबस्त भट्टीपाशीच असतो. काकरापारच्या भट्ट्यांना काँक्रीटचे दुहेरी कवच आहे. 1986 साली चेर्नोबिलच्या भट्टीला असे कवच नव्हते. कवचातील वाफ सोडणे भागच पडले, तर ती गाळणीतून सोडावी, म्हणजे विषारी कण आतच राहतात. हे काम इंजिनियर लोकांचे. पण एवढे करूनही धूळ बाहेर आलीच तर पुढचे बरेचसे शेतकऱ्याच्या आणि गृहिणीच्या हातात असते.

पहिल्या काही आठवड्यांत भीती किरणोत्सारी आयोडीनची. ते गवतावर पडते, गाय ते गवत खाते आणि दुधातून ते लेकरांच्या गळ्यातील ग्रंथीत जाऊन बसते. चेर्नोबिलच्या आसपास असे दूध वेळेवर थांबवले गेले नाही. पुढे हजारो मुलांना त्या ग्रंथीचा कर्करोग झाला. म्हणून जनावरे गोठ्यात बांधावीत, झाकलेल्या गंजीतला कडबा घालावा, विहीर व हौद झाकावेत आणि तपासणी होईपर्यंत घरचे दूध मुलांना देऊ नये. हे आयोडीन दर 8 दिवसांनी निम्मे होते. 80 दिवसांत हजारावा हिस्सा उरतो. त्यामुळे असल्या दुधाची भुकटी करून ती काही महिने ठेवली, तर आयोडीनची भीती जाते. आयोडीनच्या गोळ्या सरकारने सांगितल्यावरच घ्याव्यात. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन त्यांचे काम होत नाही, उलट रक्तदाब मात्र वाढतो.

जमिनीचा खरा शत्रू सीझियम. त्याला निम्मे व्हायला 30 वर्षे लागतात, म्हणजे एक पिढीच. ते बहुतेक वरच्या 5 सेंटिमीटर मातीत राहते. अशा वेळी आपला हात सवयीने नांगराकडे जाईल. तो आवरावा. फुकुशिमातही शेतकऱ्यांना आधी मशागत थांबवायला सांगितले होते. वरचा 5 सेंटिमीटर थर खरवडला तर एकरी सुमारे 200 घनमीटर माती निघते. 15 सेंटिमीटर नांगरून मिसळल्यावर तिप्पट काढावी लागेल. जिथे सीझियम कमी होते, तिथे जपान्यांनी खोल नांगराने वरची माती 30 सेंटिमीटर खाली गाडली. पण मोजणी आधी, नांगर नंतर.

मग पोटॅशचे काम. पिकाच्या मुळांना सीझियम पोटॅशसारखेच वाटते. जमिनीत पोटॅश भरपूर असेल तर पीक सीझियम कमी उचलते. फुकुशिमात भातासाठी 100 ग्रॅम मातीत 25 मिलिग्रॅम पोटॅश हे लक्ष्य ठेवले होते. आपल्या काळ्या जमिनीत पोटॅश बहुधा बरे असते, पण ऊस आणि केळी ते ओढून नेतात. शिवाय काळी चिकण माती अभ्रकाच्या चिकणीइतके घट्ट सीझियम धरत नाही. म्हणून काळी जमीन आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. माती तपासून घेण्याची सवय आजच असली तर तिचा उपयोग एरवीही होतोच.

खरवडलेली माती न्यायची कुठे, हा प्रश्न जपानला अजून सुटलेला नाही. सुमारे 1 कोटी 40 लाख घनमीटर माती साठवली गेली असून 2045 पर्यंत ती फुकुशिमाबाहेर हलवण्याचे सरकारचे वचन आहे.

जंगल तर खरवडताच येत नाही. व्यारा-डांगकडील आपल्या आदिवासी बांधवांनी अशा प्रसंगी अळंबी आणि रानभाज्या तपासल्याशिवाय खाऊ नयेत. चुलीतल्या राखेकडेही लक्ष ठेवावे. लाकडातले सीझियम राखेत एकवटते. ती राख परसातल्या भाजीला घालू नये आणि तिने भांडीही घासू नयेत.