सही केली म्हणून हक्क जात नाही

मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या भागातली पोरं दहावी-बारावी झाली की नांदेडला नाहीतर लातूरला हॉटेलात कामाला लागतात. शेती कोरडवाहू, खरीप निघालं की हाताला काम नसतं. हॉटेलात निदान दोन वेळचं जेवण आणि पाठ टेकायला जागा मिळते. मीही असाच नांदेडला आलो, हेल्परचा वेटर झालो आणि आता लातुरात कॅप्टनचं काम करतो. नवीन पोरगं कामाला आलं की त्याचे प्रश्न ठरलेले असतात: पगार किती, जेवण आहे का, राहायला कुठं? सही कशावर करायची आहे, हे कोणी विचारत नाही. ते विचारायला मी प्रत्येकाला लावतो. कारण अशाच एका सहीपायी नांदेडच्या एका हॉटेलात माझी आणि माझ्या जोडीदारांची मेहनत अडकून पडली होती.

यात्रेकरूंच्या वर्दळीचं ते हॉटेल. दसरा-दिवाळीला आणि होला मोहल्ल्याला सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून भाविक येतात, तेव्हा शहरातली हॉटेलं मध्यरात्रीपर्यंत चालतात. कामावर घेताना शेठनं शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला करारनामा पुढं केला. सुरुवातच अशी होती: ‘मी स्वखुशीने लिहून देतो की’. पुढची कलमं साधारण अशी: ठरलेल्या पगाराशिवाय ओव्हरटाइम, रजा, बोनस यांपैकी कशाचीही मागणी करणार नाही. फूट-तूट आणि न भरलेलं बिल पगारातून कापून घ्यावं. वर्षाच्या आत काम सोडल्यास एका महिन्याचा पगार मिळणार नाही. पगाराच्या आकड्याची जागा कोरी होती, तारखेचीही कोरी. सही झाल्यावर कागद गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये गेला आणि त्याच्यासोबत माझी दहावीची मूळ मार्कलिस्टही गेली. झेरॉक्स मागितली तर शेठ म्हणाले, “तुला कशाला पाहिजे? इथं सांभाळून ठेवलाय.”

ड्यूटी ब्रेकची होती. सकाळी अकरा ते दुपारी साडेतीन, मग साडेसहापासून शेवटचं टेबल उठेपर्यंत. मधल्या वेळात वरच्या हॉलमध्ये आडवं व्हायचं, पण पार्सलची घाई असली की खालून हाक यायचीच. एका मोठ्या लग्नतिथीला गर्दीत आठ जणांचं टेबल जेवून बिल न देता निघून गेलं. टेबल माझ्याकडं होतं, म्हणून ते अख्खं बिल माझ्या पगारातून कापलं गेलं. पुढं वडील आजारी पडले, मला गावी जावं लागलं. हिशोब मागितला तेव्हा शेठनं तोच कागद काढला. “वर्ष भरलं नाही. वाच, तुझीच सही आहे.”

माझ्यासोबत मुखेडकडचे एक वयस्कर वेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांचेही पैसे अडकले होते. आम्ही दोघं मिळून कामगार कार्यालयात अर्ज दिला. मामांच्या शर्टाच्या खिशात कायम एक छोटी डायरी असायची. पानाच्या डाव्या बाजूला तारीख, मग आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, उचल घेतली असेल तर रक्कम. खाडा झाला की नुसतं ‘खा’. पगार झाला त्या ओळीपुढं मुनीमाची आखूड सही घेतलेली. पानांना तेलाचे डाग होते, काही ठिकाणी शाई पसरली होती, पण एकही महिना सुटलेला नव्हता. हॉटेलच्या हजेरी रजिस्टरमध्ये मात्र आम्ही रोज आठच तास काम केल्याचं लिहिलं होतं. ते रजिस्टर आणि मामांची डायरी शेजारी-शेजारी ठेवल्यावर तडजोड झाली आणि मामांना जादा कामाचे पैसे मिळाले. मला शेवटचा पगार आणि मार्कलिस्ट मिळाली. ओव्हरटाइमचे पैसे मिळाले नाहीत, कारण किती तास राबलो हे दाखवायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

त्यानंतर या विषयातलं जेवढं समजून घेता आलं तेवढं घेतलं. ते हॉटेल, ढाबा, खानावळ, मेस, केटरिंग असं कुठंही काम करणाऱ्यांसाठी मांडतो.

करार मोठा की कायदा?

किमान वेतन अधिनियम १९४८ चा. त्याच्या कलम २५ मध्ये स्वच्छ लिहिलं होतं की किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार रद्दबातल आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली. तिच्या कलम ६० मध्ये हेच आणखी व्यापक शब्दांत आहे: संहितेनुसार मिळायची कोणतीही रक्कम कामगारानं लिहून सोडून दिली, तरी ते लिहिणं कायद्यापुढं टिकत नाही. स्टॅम्पपेपर शंभराचा असो की पाचशेचा, त्यानं फरक पडत नाही. ‘स्वखुशीने’ या शब्दानंही पडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली, दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, याहून पुढची गोष्ट सांगितली. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ नं मनाई केलेली सक्तीची मजुरी. नाइलाजानं कमी पगार कबूल करणाऱ्या माणसाची ती राजीखुशी मानली जात नाही.

पगार किती असायला हवा?

महाराष्ट्रात हॉटेल, उपाहारगृह, भोजनालय या कामांसाठी शासन किमान वेतन ठरवतं. दर दोन गोष्टींवर ठरतो: तुमचं ठिकाण कोणत्या परिमंडळात येतं, आणि तुम्ही कुशल, अर्धकुशल की अकुशल कामगार आहात. मूळ वेतनावर महागाईप्रमाणे विशेष भत्ता मिळतो आणि तो वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यावर विसंबू नका. कामगार कार्यालयात जाऊन चालू दर विचारा आणि लिहून घ्या. लातुरात शिकायला आलेल्या मुलांसाठी क्लासच्या परिसरात मेस चालतात, त्यातल्या कितीतरी चार-पाच माणसांवर चालतात. माणसं कमी म्हणून किमान वेतन लागू नाही, हे खोटं आहे. तुम्ही एकटेच कामाला असलात तरी ते लागू आहे.

‘जेवण-राहणं फुकट’ या शब्दावरही भुलू नका. पगार ठरतानाच विचारा की जेवणाचे आणि खोलीचे पैसे कापणार का, कापणार तर किती. नियमांनी परवानगी दिलेली कपातच करता येते, मनाला येईल ती नाही.

तास आणि ओव्हरटाइम

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आला. त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी दिली. वर्षाला आठ किरकोळ रजा आणि आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्याही त्यात आहेत. ब्रेक ड्यूटी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सकाळी आल्यापासून रात्री सुटेपर्यंतचा, मधली सुट्टी धरून, एकूण काळही कायदा मोजतो. २०१७ च्या कायद्यात ही मर्यादा साडेदहा तासांची होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं रोजचे तास दहापर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. तासांच्या मर्यादा बदलतात, त्या कामगार कार्यालयात विचारून घ्या. जादा तासांना दुप्पट दर, हे मात्र कायम आहे.

समजण्यासाठी सोपा आकडा घेऊ. पगार १५,६०० रुपये, महिन्याचे कामाचे दिवस २६. रोज झाला ६०० रुपये, आठ तासांच्या हिशेबानं तासाला ७५, ओव्हरटाइमचा तास १५० रुपयांचा. रोज दोन तास जास्त केले तर महिन्याला ५२ तास, म्हणजे ७,८०० रुपये. अर्धा पगार! रोजच्या त्या दोन तासांकडं ‘एवढं तर चालतंच’ म्हणून पाहतात आणि घरी जायचा अर्धा पगार गल्ल्यात राहतो.

कपात, फूट-तूट आणि पळालेलं टेबल

वेतन संहितेप्रमाणे सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. दंड लावायचा तर तो पगाराच्या तीन टक्क्यांपर्यंतच, आणि आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नुकसानीची कपात तेव्हाच करता येते, जेव्हा वस्तू किंवा पैसे खास तुमच्यावर सोपवलेले असतात आणि नुकसान थेट तुमच्याच हलगर्जीपणानं झालेलं असतं. गर्दीत चार टेबलं सांभाळणाऱ्या वेटरचं एक गिऱ्हाईक बिल न देता गेलं, एवढ्यावरून ते बिल त्याच्या माथी मारता येत नाही. असं कापलं तर कशासाठी आणि किती कापलं, ते पगारपावतीवर लिहून मागा. पगारपावती देणं ही मालकाची जबाबदारी आहे.

टिप कोणाची?

१९७६ साली जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की ग्राहकानं दिलेली टिप कामगारांची असते. मालकाच्या हातून वाटली गेली म्हणून ती मालकाची होत नाही. आता ग्राहक क्यूआर कोडवर बिल आणि टिप एकत्र देतात आणि सगळं मालकाच्या खात्यात जातं. अशा वेळी टेबल नंबर आणि रक्कम लगेच लिहून ठेवा आणि वाटप आठवड्याला व्हावं असं आधीच ठरवून घ्या. ग्राहकांनाही विनंती आहे, शक्य असेल तर टिप हातात द्या. बिलात आपोआप लावलेल्या सेवाशुल्काची गोष्ट वेगळी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तसं शुल्क लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. ‘सेवाशुल्कातून तुला मिळेल’ असं सांगून कोणी पगार कमी ठरवत असेल, तर ते कबूल करू नका.

काम सोडताना

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. काम सोडलं, राजीनामा दिला किंवा काढून टाकलं, तरी बाकी वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. ‘वर्ष भरलं नाही म्हणून हिशोब नाही’ हे चालत नाही. उचल घेतली असेल तर ती हप्त्यानं वळती करता येते, पण फिटली नाही म्हणून माणसाला अडवून ठेवणं हा वेठबिगारीचा गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी १९७६ चा कायदा आहे, तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडं करता येते. मूळ मार्कलिस्ट, आधार कार्ड कोणाच्याही ताब्यात देऊ नका. ओळख पटवायला झेरॉक्स पुरते.

पहिल्या दिवसापासून काय करायचं?

कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही करू नका. जागा कोरीच ठेवायची असेल तर त्यावर आडवी रेघ मारून मग सही करा. सही करण्याआधी मोबाइलनं प्रत्येक पानाचा फोटो काढा. नेमणूकपत्र मागा. पगार बँकेत मागा, रोखीत मिळाला तर पावती घ्या. आल्याची आणि सुटल्याची वेळ रोज स्वतःच्या हातानं लिहा. महिन्याच्या शेवटी त्या पानाचा फोटो घरी पाठवा, म्हणजे डायरी हरवली तरी नोंद राहील. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विम्याचं (ईएसआय) कार्ड आहे का विचारा. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालकाला ३.२५ टक्के भरावे लागतात. तेल उडून हात भाजला, ओल्या फरशीवर पाय घसरला, तर तो विमा कामाला येतो.

माझ्या वेळी किमान वेतनाच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत होती. वेतन संहितेनं ती तीन वर्षांवर नेली आहे. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता मालकावर आहे आणि थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. पण किती तास काम केलं हे आधी तुम्हालाच सांगावं लागतं, म्हणून डायरी सुटता कामा नये. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कामगार आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथं मोफत मदत मिळते. फोन करायचा तर १५१०० या क्रमांकावर करा.

आई-वडिलांना एकच सांगणं आहे. चौदा वर्षांच्या आतलं लेकरू हॉटेलात, ढाब्यावर, चहाच्या टपरीवर ठेवायला २००६ पासूनच बंदी आहे. नड कितीही असली तरी ते करू नका.

आणि मालकमंडळींनो, मी तुमच्याच धंद्यात भाकरी खातो. चांगला वेटर टिकत नाही अशी तक्रार तुमच्यातले बरेच जण करतात. जिथं तास लिहिले जातात, सात तारखेला पगार होतो आणि सुट्टी सुट्टीसारखी मिळते, तिथली माणसं लगीनसराईतही काम सोडून जात नाहीत, हे मी लातुरात रोज पाहतो. हजेरी खरी लिहा आणि महिनाअखेरीला वेटरला ती वाचून सही करू द्या. तेवढं झालं तर कोणालाच कामगार कार्यालयाची पायरी चढावी लागणार नाही.