आधी पाय, मग मोजा

नागपूर

चि. मुक्ता,


तुझ्या नव्या केंद्रासाठी तू पाठवलेली, पायावर दाब देणाऱ्या मोज्यांच्या डीलरची यादी पाहिली. चार साइझ, तीन रंग, बारा जोड्यांवर दोन फुकट. ‘आत्या, यातलं काय घेऊ?’ असं विचारलंस. आज तरी काहीच घेऊ नकोस. मोजा हा या कामातला शेवटचा निर्णय असतो. त्याआधीचे निर्णय नीट झाले, तर माल निवडणं फारसं अवघड नाही. ते झाले नाहीत, तर महागातला महाग मोजाही कपाटात पडून राहतो, नाही तर पायाला इजा करतो.

तुझ्या दारात कोण येणार ते आधी बघ. दिवसभर फळ्यासमोर उभ्या असलेल्या बाई, बंदोबस्तावरचा हवालदार, सलूनवाला, सातव्या महिन्यातली गरोदर मुलगी, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजलेली मावशी. ‘सूज येते’ एवढंच सगळे सांगतील, पण कारणं निरनिराळी असतील. दोन्ही पायांना सारखी सूज असेल, दाबल्यावर खड्डा पडत असेल आणि चालताना धाप लागत असेल, तर तो पेशंट तुझा नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासायला त्याला डॉक्टरांकडे पाठव. रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही विचार. अम्लोडिपिनने घोटे सुजतात आणि बिचारी माणसं मोजे शोधत फिरतात. एकच पाय अचानक सुजला असेल, पोटरी दुखत असेल, तर आत गुठळी असू शकते. त्याला त्याच दिवशी डॉपलर तपासणीला पाठवायचं, दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट द्यायची नाही. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून बघ. ती उचलली जात नसेल तर सूज लसिकेची (लिम्फची) समज. हातपाय जाडे पण पावलं मात्र सडसडीत असतील, तर लिपीडिमाचा, म्हणजे चरबी साठण्याच्या आजाराचा, विचार कर. अशा बाईला ‘वजन कमी करा’ एवढंच सांगून परत पाठवू नकोस.

यानंतर धमन्या. हे मी सर्वांत कळकळीने सांगते, कारण तुझ्याकडे मधुमेही पुष्कळ येतील. ज्या पायात रक्त मुळातच कमी पोचतं, त्यावर घट्ट मोजा चढवला तर बोटं काळी पडू शकतात. म्हणून सजावटीवरचा थोडा खर्च कमी कर आणि हातात धरायचं डॉपलर घे. त्याने मोजलेला घोट्याजवळचा वरचा रक्तदाब भागिले दंडाचा वरचा रक्तदाब. उत्तर ०.९ ते १.३ च्या दरम्यान आलं तर साधारण निर्धोक. ०.८ च्या खाली आलं तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय पूर्ण दाब द्यायचा नाही. ०.५ च्या खाली दाब द्यायचाच नाही. १.३ च्या वर आकडा आला म्हणून खूश होऊ नकोस. मधुमेहात धमन्या कडक होतात, दाबल्या जात नाहीत आणि आकडा फसवा येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा लागतो.

आता दाबाबद्दल. औषधाला जशी मात्रा असते तशीच दाबालाही असते, आणि ती मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. तुझ्या यादीत सगळीकडे नुसतं ‘क्लास २’ छापलंय. कुठल्या देशाचा क्लास? जर्मन पद्धतीत क्लास १ म्हणजे घोट्याला १८ ते २१ आणि क्लास २ म्हणजे २३ ते ३२. ब्रिटिश पद्धतीत क्लास २ म्हणजे १८ ते २४, म्हणजे जवळजवळ जर्मनांचा पहिलाच. फ्रेंचांचं कोष्टक आणखी वेगळं. त्यामुळे डीलरला क्लास विचारू नकोस. घोट्याला किती मिलिमीटर, तो कोणत्या पद्धतीने मोजला आणि तपासणीचा कागद आहे का, हे विचार. कागद न दाखवता जो ‘मॅडम, एकदम जर्मन क्वालिटी’ म्हणेल, त्याला चहा पाजून निरोप दे.

दाब घोट्याला सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत गेला पाहिजे. यामागची गोष्ट तुला आवडेल. कॉनराड जॉब्स्ट नावाच्या अमेरिकेतल्या इंजिनिअरच्या पायाला शिरांच्या आजाराने जखमा होत. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की त्याला बरं वाटे. पाणी जितकं खोल तितका त्याचा दाब जास्त, हे लक्षात घेऊन त्याने १९५० च्या सुमारास उतरत्या दाबाचे मोजे तयार केले. पोटरीवर घट्ट आणि घोट्यावर सैल बसणारा मोजा याच्या अगदी उलट काम करतो, म्हणजे रक्त खालीच अडवतो. स्मॉल-मीडियम-लार्जच्या मालात हे नेहमी दिसतं, कारण आपल्याकडच्या बायकांचे घोटे बारीक आणि पोटऱ्या भरलेल्या असल्या, तर ते कोष्टक त्यांना बसतच नाही.

म्हणून मापं घे, आणि ती सकाळीच घे. संध्याकाळी सुजलेल्या पायावर घेतलेलं माप सुजेचं असतं. घोट्याचा सर्वांत बारीक भाग, पोटरीचा सर्वांत जाड भाग, गुडघ्याच्या दोन बोटं खाली आणि जमिनीपासून तिथपर्यंतची उंची, एवढं तरी प्रत्येक पायाचं वेगळं लिहून ठेव. लसिकेची सूज असेल तर आधी पट्ट्या बांधून ती उतरव. उतरायची थांबली की मग माप घे. मोजा उतरलेली सूज पुन्हा वाढू देत नाही, तो ती उतरवत नाही. अशा हातापायांना सपाट विणून शिवण घातलेलं कापड लागतं. नळीसारखं गोल विणलेलं कापड वळ्यांत रुतून कातडीला काचतं. गोल विणीचं कापड साध्या व्हेरिकोज व्हेन्सना चांगलं. हाताला स्लीव्ह दिलीस तर पंजाकडे लक्ष ठेव. तो सुजायला लागला तर हातमोजाही लागेल.

हॉस्पिटलातले पांढरे मोजे याच कामाला चालतील असं कुणी सांगेल. ते अंथरुणावर पडलेल्या पेशंटसाठी असतात, चालत्याफिरत्यासाठी नव्हेत. आणि तिथेही ते सरसकट उपयोगी नाहीत. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, उलट कातडीच्या जखमा सुमारे १ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर गेल्या. मात्र योग्य माणसाला योग्य दाब दिला तर काय होतं तेही बघ. पायाला कायमची सूज आणि वारंवार सेल्युलायटिस (कातडीचा संसर्ग) असलेल्या ८४ लोकांवर ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. दाब घेणाऱ्यांत पुन्हा संसर्ग १५ टक्क्यांना झाला, न घेणाऱ्यांत ४० टक्क्यांना. हा अभ्यास मी जवळ ठेवते. आमच्या भंडारा-गडचिरोलीकडचे हत्तीरोगाचे पेशंट भातशेतीच्या चिखलात उभे असतात, आणि त्यांच्या दुखण्यात ताप-लाली घेऊन येणारे झटकेच फार असतात. त्यांना मी आधी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला शिकवते, मोजा त्यानंतर. झटका चालू असताना मोजा काढायचा आणि औषध घ्यायचं.

बाकी गोष्टी आपल्या हवेच्या आणि चालीरीतींच्या. उन्हाळ्यात मांडीपर्यंतचा मोजा घामाने खाली घसरतो आणि त्याची गुंडाळी गुडघ्यामागे दोरीसारखी आवळते. बहुतेकांना गुडघ्याखालचा पुरतो आणि तोच ते वापरतात. बोटं उघडी असलेला घे. चपला घालता येतात आणि जोडवी काढायला सांगावं लागत नाही. पैंजण मात्र काढायला लाव, नखं कापायला सांग. खोबरेल तेल रात्री लावायचं, सकाळी नव्हे, तेलाने इलॅस्टिक मरतं. धुताना पिळायचं नाही, उन्हात वाळत घालायचं नाही. दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तरी साधारण सहा महिन्यांनी दाब उतरतो, हे विकतानाच सांग. नाही तर पेशंट तोच मोजा तीन वर्षं घालतो आणि ‘काही फरक नाही’ म्हणतो.

घालायला शिकवणं हे विक्रीचाच भाग समज. रबरी हातमोजे घालून, मोजा टाचेपर्यंत उलटा करून, हळूहळू वर सरकवायचा. तुझ्यासमोर पेशंटने स्वतः घातल्याशिवाय त्याला सोडू नकोस. वाकता येत नसेल किंवा बोटं आखडली असतील, तर घरातल्या ज्या माणसाने रोज घालायचं त्याला बोलाव. घरात असं कुणीच नसेल तर जास्त दाबाचा मोजा लिहून देण्यात अर्थ नाही. अंगावर चढलेला कमी दाबाचा मोजा केव्हाही बरा. आणि चालायला सांग. पोटरीचा स्नायू आवळला तरच मोज्याला काही पिळायला मिळतं.

तुझ्या पाटीवर ‘वेलनेस’ आहे, म्हणून एक सांगते. पोट-मांडीचे घट्ट पट्टे ‘चरबी वितळवतात’ असं सांगून विकायला कुणी ना कुणी येईलच. दाबाने चरबी वितळत नाही, काढल्यावर तासाभरात माप परत येतं. औषधे आणि जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे आणि त्याच्या यादीत स्थूलपणाही आहे. तसली पत्रकं छापू नकोस. धावणाऱ्यांना हलके मोजे हवेसे वाटले तर दे, पण स्पर्धेतला वेळ कमी होईल असं वचन देऊ नकोस.

पैशाचं म्हणशील तर सुरुवातीला माल कमी ठेव. गुडघ्याखालचे, उघड्या बोटांचे, दोन दाबांतले थोडे जोड ठेव. बाकी सगळं माप घेऊन मागव. ज्याच्याकडे बदलून देण्याची लेखी हमी आहे असाच पुरवठादार धर, मग तो बारावर दोन फुकट देवो न देवो. नफा मोज्यावर काढू नकोस, तपासणी आणि मापाची स्वच्छ फी लाव. नाही तर ज्याला मोज्याची गरज नाही त्याला परत पाठवताना तुझाच हात अडखळेल.

पहिल्या दहा पेशंटांचे मापाचे कागद मला पाठव. त्यातल्या किती जणांना तू मोजा न देता परत पाठवलंस ते मी आधी बघेन.

तुझी,
आत्या