चेहरा वाचणारा शिक्षक



दिवाळीच्या सुमारास माण तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात. कारखान्याच्या परिसरातील कोपी हेच मग मुलांचे घर होते. उन्हाळ्याच्या तोंडावर ती परततात, तेव्हा वर्गातील धडे पुष्कळ पुढे गेलेले असतात.

असाच एक दहा वर्षांचा मुलगा माझ्या मक्तबमध्ये परत आला. तो सबक विसरला होता. मी सर्वांदेखत त्याला कारण विचारले आणि सहा वर्षांच्या मुलांत बसवले. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. तो उपाशीपोटी येत असे, हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळले.

आता मदीनेतील सुफ्फा आठवा. मस्जिद-ए-नबवीतील या छपराखाली घरदार नसलेले सहाबा राहत आणि दीन शिकत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांपैकीच एक. सहीह बुखारीत त्यांनीच सांगितलेला प्रसंग आहे. भुकेने व्याकूळ होऊन ते रस्त्यात बसले. हजरत अबू बक्र (रजि.) आणि त्यांच्यानंतर हजरत उमर (रजि.) तेथून गेले. दोघांनाही त्यांनी कुरआनच्या एका आयतीविषयी विचारले. प्रश्न आयतीचा होता. आशा मात्र कोणी जेवायला नेईल, ही होती. दोघांच्याही ते ध्यानात आले नाही. मग प्रेषित मुहम्मद (सल्ल.) आले. त्यांनी चेहरा पाहिला, स्मित केले आणि सोबत घरी नेले. घरी दुधाचा एक प्याला होता. सुफ्फातील सर्वांना बोलावून तो पाजण्यात आला, त्यानंतर अबू हुरैरांना; आणि प्रेषितांनी (सल्ल.) स्वतः सर्वांत शेवटी घेतला. पुढे याच विद्यार्थ्याकडून उम्मतला सर्वाधिक हदीस मिळाल्या.

सूरह अल्-बकराच्या 273व्या आयतीत अशाच स्वाभिमानी गरिबांचे वर्णन आहे. ते मागत नाहीत, म्हणून अजाण माणसाला ते संपन्न वाटतात. त्यांची ओळख चेहऱ्यावरून पटते. यावरून शिक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते : पाठ ऐकण्याआधी चेहरा वाचणे.

आपल्या सातारा जिल्ह्यानेही हे पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची गरीब मुले तेथे एकत्र राहिली, जेवली, शिकली. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आधी निवारा आणि भाकरी, मग पुस्तक, हा क्रम त्यांनी ओळखला होता.

आपण काय करावे?

1. परतलेल्या मुलाला सर्वांसमोर जाब विचारू नये. त्याचा राहिलेला सबक वेगळ्या वेळी घ्यावा.

2. मक्तबमध्ये सर्वच मुलांना खाऊ द्यावा, म्हणजे भुकेलेला मुलगा वेगळा उठून दिसणार नाही.

3. पालकांना शाळेपर्यंत सोबत करावी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या बालकाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही.

4. जकात देताना पात्र कुटुंबातील विद्यार्थ्यांचा विचार करावा. सदका तर शेजारच्या कोणत्याही धर्माच्या मुलासाठी खुला आहे.

त्या मुलाच्या घरी मी पुढे गेलो. दाराला कुलूप होते; कुटुंब पुन्हा तोडीला गेले होते. या हंगामात तुमच्या दारी असा मुलगा आला, तर माझी चूक तुम्ही करू नका.

अल्लाह आपल्याला चेहरे वाचणारी नजर देवो. आमीन.