पाच कोंबड्यांचं खुराडं: पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

तयार पिंजऱ्याला पाच-सात हजार सहज मोजावे लागतात. करवत-हातोडी चालवता येत असेल, तर पाच कोंबड्यांचं खुराडं घरीच अडीच हजारांच्या आसपास उभं राहतं. (इथले सगळे भाव ठोकळ आहेत; गावागणिक फरक पडणारच.)

माप धरा ४ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच. दिवसा मोकळ्या चरणाऱ्या पाच कोंबड्यांना रात्रीपुरतं एवढं पुष्कळ. ओल लागू नये म्हणून तळ जमिनीपासून दीड फूट उचला. सांगाड्याला चार-पाच बांबू, ५००-६०० रुपये. तळाला पॅकिंगच्या पेट्यांच्या जुन्या फळ्या, ३००-४००. भिंतींचा खालचा निम्मा भाग कामट्यांनी घट्ट विणून घ्या. ८ फुटी पत्रा मधोमध कापून दोन्ही तुकडे शेजारी टाकले की छप्पर चारी बाजूंनी थोडं बाहेर येतं. नवा पत्रा ७००पर्यंत, भंगारात निम्म्याने.

काटकसर जाळीत मात्र करू नका. षटकोनी भोकांची ‘चिकन जाळी’ स्वस्त पडते, पण कुत्रं ती ओरबाडून फाडतं, आणि एकदा फट पडली की मुंगसाला तेवढी पुरते. अर्धा इंची वेल्डमेशच घ्या. ३ फूट पन्ह्याची ८ फूट जाळी लांबीत कापली की दीड फुटी पट्टी १६ फूट मिळते. खुराड्याचा घेर १४ फूट. ४००-६०० रुपयांत वरचा निम्मा भाग झाकला जातो. कडी-कोयंडा, बिजागऱ्या, तार, खिळे मिळून २५०.

आत बसायला एक आडवी काठी, खाली भाताचं तूस. अंड्यांसाठी जुनं घमेलं आणि त्यात पेंढा. पाच जणींत एक चालतं.

खरा खर्च पुढे आहे. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, म्हणजे पाच जणींचं महिन्याला साडेसोळा किलो. ३५ रुपये किलोने पावणेसहाशे झाले! गिरिराज-वनराजसारख्या जातींची अंडी महिन्याला पन्नासेक धरली, तर हिशेब जेमतेम जुळतो. गावरान कोंबडीत तोही जुळत नाही. घरी मका, कणी, कोंडा, पेंड आणि शिंपल्यांचा चुरा मिसळून किलोमागे चार-पाच रुपये सुटतात. एवढ्यासाठी चार दुकानं पालथी घालावीत असं मला वाटत नाही. त्यापेक्षा परसात चरू द्या, भाजीचे देठ आणि उरलेला भात घाला. खाद्य निम्म्यावर येतं. खारट आणि बुरशी आलेलं काही नको. ५० किलोचं पोतंही घेऊ नका, तीन महिने पुरेल आणि पावसाळ्यात बुरशी धरेल.

४ इंची पीव्हीसी पाइपचा ३ फुटी तुकडा उभा बांधून खाली एल्बो बसवला की खाद्याचं भांडं तयार. तुकडा प्लंबरकडे उरलेला मिळाला तर दोनशेच्या आत. आठवड्याचं खाद्य मावतं, पण भुकटी मध्येच अडकते. रोज एक टपली मारा. रात्री तोंड झाका, नाहीतर उंदीर पोसाल.

पिल्लांऐवजी तलंगा घेतल्या तर राणीखेतची लस झाली आहे का, ते आधी विचारा. नसेल तर शेजारच्या कोंबड्याही त्याच दिवशी जमवून पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. एका कुपीत शंभरच्या घरात मात्रा असतात आणि कालवलेली लस दुसऱ्या दिवशी चालत नाही.