रबराचा बूट स्वस्त, मग मजुरी एवढी का?

प्रश्न : माझी अल्टो दहा वर्षांची आहे आणि रोज शेताच्या पांदणीवरून जाते. मेकॅनिक म्हणतो, एक्सलचा बूट फाटलाय, बदला. रबर स्वस्त, मजुरी मात्र त्याच्या कितीतरी पट. गाडी तर ठणठणीत चालते. मग बदलायलाच हवा का? – एक वाचक, ता. रिसोड, जि. वाशिम

उत्तर : बदला, आणि गाडी ठणठणीत आहे तोवरच बदला. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

अल्टोची पुढची चाकं गाडी ओढतात, वळतातही आणि खड्ड्यात वर-खालीही होतात. त्यामुळे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या एक्सलला फिरता फिरता वाकावं लागतं. बोलेरो किंवा ईकोच्या प्रोपेलर शाफ्टला असतो तसा क्रॉसचा सांधा इथे चालत नाही. एकटा क्रॉस कोनात फिरला की एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. फोर्डमधले अभियंते आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२०च्या दशकात यावर तोड काढली : वाटीतल्या खोबणींत बसणाऱ्या सहा पोलादी गोळ्यांचा सांधा. एक्सल कितीही वाकला तरी त्या गोळ्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात आणि वेग दोन्हीकडे सारखा राहतो. १९५९च्या ब्रिटिश मिनीत हाच सांधा होता. आपल्याकडे डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि ॲम्बेसिडर-पद्मिनीवर हात बसलेल्या मिस्त्र्यांना पुढच्या चाकांचं हे नवं गणित शिकावं लागलं.

या सांध्याला ग्रीस निपल नसतो. बैलगाडीच्या आखाला वाटेल तेव्हा वंगण घालता येतं, इथे एकदा भरलेल्या काळ्या ग्रीसवरच सगळं आयुष्य. ते ग्रीस धरून ठेवणारी पिशवी म्हणजे हा बूट. वयानं रबर कडक होतं आणि घड्यांच्या खाचेत तडकतं. पांदणीवर तुरीचे किंवा पऱ्हाटीचे टोकदार खुंट लागले तर आणखी लवकर. एकदा फाटला की चाकाबरोबर फिरताना ग्रीस बाहेर उडतं आणि पावसाळ्यात काळ्या मातीचं पाणी आत शिरतं. त्यातली बारीक रेती गोळ्यांना आणि खोबणींना घासत राहते.

तपासायचं तर स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करा आणि चाकामागे टॉर्च मारा. रिमच्या आतल्या बाजूला काळे चिकट शिंतोडे दिसले तर शंका नको. मग मोकळ्या मैदानात पूर्ण वळण घेऊन गाडी हळू फिरवा. कट-कट-कट असा आवाज आला तर चाकाकडचा, म्हणजे बाहेरचा सांधा झिजला आहे. तो सांधा किंवा अख्खा एक्सलच बदलावा लागेल. आवाज नसेल तर बुटावर भागेल.

आता मजुरी. चाकाचा मोठा नट, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट, मग एक्सल बाहेर. सर्क्लिप काढून सांधा ठोकून उतरवायचा, जुनं ग्रीस पुसून गोळ्या धुवायच्या, एकेका खोबणीत खड्डा पडलाय का ते बोट फिरवून पाहायचं. हे धुणं सगळ्यात महत्त्वाचं आणि घाईत नेमकं हेच टाळलं जातं. जुन्या ग्रीसवर नवं थापून बूट चढवला तर रेती आतच राहते. म्हणून समोर उभं राहून करून घ्या. बुटासोबतच्या पाकिटातलंच ग्रीस आणि नवे क्लॅम्प वापरायला सांगा. तारेनं आवळलेला बूट टिकत नाही. एक्सल न काढता चिकटवायचे चिरलेले बूटही मिळतात, पण पांदणीच्या गाडीला मी ते सुचवणार नाही.

दुसऱ्या बाजूचा बूटही त्याच वयाचा आहे, तोही पाहून घ्या. आणि कट-कट सुरू झालेली गाडी घेऊन शेलूबाजारहून समृद्धी महामार्गावर चढू नका. पार झिजलेला सांधा तुटला तर इंजिनचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही, आणि तिथे मोटारी ताशी १२० किलोमीटरपर्यंत धावतात.