विमानप्रवास आणि किरणांचे मोजमाप

आमच्या भागात बारवी धरणाचे नाव निघाले, की पहिला प्रश्न असतो, 'किती भरले?' पावसाळ्यात चहाच्या टपरीवरही पाण्याच्या पातळीची चौकशी होते. पाणी मीटरमध्ये मोजण्याची ही सवय एक वेगळाच विषय समजून घेण्यास उपयोगी पडते. तो विषय म्हणजे विमानप्रवासात शरीरावर होणारा किरणोत्सर्ग.

अंतराळातून पृथ्वीवर अतिवेगवान कणांचा मारा अखंड चालू असतो. त्यांना विश्वकिरण म्हणतात. हवेचे जाड पांघरूण त्यांतील बराच भाग अडविते. समुद्रसपाटीला या हवेचे वजन सुमारे १० मीटर खोल पाण्याइतके भरते. म्हणजे बारवीच्या काठावर उभा असलेला माणूसही एका अर्थी १० मीटर पाण्याखालीच असतो! विमान ३५,००० फुटांवर गेले, की त्याच्या वर उरलेली हवा जेमतेम अडीच मीटर पाण्याएवढी असते. साहजिकच तेथे किरण वाढतात. विमानाचा पातळ पत्रा त्यांना फारसा अडवू शकत नाही.

ही तुलना केवळ कल्पनेची नाही. १९११ साली इटलीच्या दोमेनिको पाचिनी यांनी आपले उपकरण समुद्रात ३ मीटर खोल सोडले, तेव्हा किरणांचा परिणाम कमी झालेला दिसला. १९१२ साली व्हिक्टर हेस बलूनमधून ५ किलोमीटरहून उंच गेले, तेव्हा तो वाढलेला आढळला. या शोधासाठी त्यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईचे सुपुत्र डॉ. होमी भाभा व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूर येथे विमानातून उपकरणे नेऊन उंचावरील मेसॉन कण मोजले.

आता मोजायचे कसे? रुग्णालयातील क्ष-किरण विभागाचे कर्मचारी छातीवर बिल्ला लावतात. त्यातील चकती किरणांची ऊर्जा साठविते आणि नंतर तापविली असता त्या प्रमाणात प्रकाश देते. परंतु विमानातील मात्रेत न्यूट्रॉन कणांचा वाटा मोठा असतो. साधा बिल्ला किंवा गायगर गणक त्यांची नीट नोंद घेत नाही. म्हणून शरीराच्या ऊतींसारख्या प्लॅस्टिकच्या भिंतीचे, आत वायू भरलेले गणक वापरतात. असे यंत्र प्रत्येक विमानात ठेवणे अवघड असल्याने उंची, अक्षांश, उड्डाणाचा वेळ आणि सूर्याची स्थिती यांवरून गणित मांडतात व निवडक उड्डाणांत ते पडताळून पाहतात.

अक्षांश का? पृथ्वीचे चुंबकत्व विषुववृत्ताजवळ किरणांना अधिक परतविते, ध्रुवांकडे कमी. म्हणून भारतावरून उडताना मात्रा तासाला साधारण २ ते ३ मायक्रोसिव्हर्ट असते, तर युरोप-अमेरिका मार्गावर ती ५ किंवा त्याहून अधिक होते. निसर्गातून जगातील माणसाला वर्षाला सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळतेच, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा. मुंबई-दिल्ली प्रवासात मिळणारी मात्रा त्या एका दिवसापेक्षाही कमी भरते. तेव्हा कधीमधी विमानात बसणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही.

परंतु वर्षाला ८०० तास उडणाऱ्या वैमानिकाचे व हवाई सेविकेचे काय? तासाला ५ धरले, तरी ४,००० मायक्रोसिव्हर्ट होतात. सर्वसामान्य नागरिकांसाठी कृत्रिम स्रोतांची वार्षिक मर्यादा १,००० आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९० साली, जेट विमानातील कर्मचाऱ्यांना मिळणारी ही मात्रा व्यवसायजन्य मानावी, अशी शिफारस केली. गर्भवती सेविकेच्या बाबतीत तर हा हिशेब पोटातील बाळाचाही असतो.

माझे वडील कारखान्यात कामगार आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट : काम आकाशात असो वा यंत्रापाशी, आपल्या अंगावर काय येते ते कामगाराला आकड्यांत कळले पाहिजे. मोजमाप नसले, की कोणी उगाच भितो आणि कोणी उगाच निर्धास्त राहतो. धरणाची पातळी जशी सर्वांना सांगितली जाते, तशी ही मात्राही ज्याची त्याला सांगितली जावी.