प्रत्येकाच्या हाती एक तुकडा

शास्त्रवाचन : १ करिंथ १२:१२-२७, फिलिप्पै २:१-११

काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या कामानिमित्त मी चेन्नईस गेलो होतो. तेथील एका मंडळीने तीन रविवार शब्बाथ शाळेचा एक वर्ग माझ्याकडे सोपवला. वर्गात बारा मुले होती. बहुतेक तमिळ घरांतली, काही तेलुगू व मल्याळी, आणि एक मुलगा नुकत्याच बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबातला. इंग्रजी व हिंदी यांच्या मिश्रणातून वर्ग चाले. पहिल्या रविवारी नोहाच्या तारवाचे मोठे चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून मी त्याचे चाळीस तुकडे केले, ते मुलांच्या मधोमध ठेवले आणि म्हणालो, "सगळे मिळून जुळवा."

दहा मिनिटांत दोन चपळ मुलांनी चित्राचा ताबा घेतला. चारपाच मुले त्यांना तुकडे पुरवीत राहिली. उरलेली खिडकीबाहेर पाहू लागली. अखेरीस एक तुकडा सापडेना. पुष्कळ शोधाशोध झाल्यावर मागे बसलेल्या त्या मराठी मुलाने आपली मिटलेली मूठ उघडली. कबुतराचा तुकडा तिच्यात होता. मुले त्याच्यावर ओरडली. मीही रागावलो. वर्ग सुटल्यावर मी त्याला कारण विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "काका, तुकडा दिला असता, तर मग मला कुणी काही विचारलंच नसतं."

त्या उत्तराने मला माझी चूक दाखवली. 'सगळे मिळून' असे मी तोंडाने म्हटले होते; परंतु सगळ्यांची गरज भासावी अशी त्या खेळाची रचनाच नव्हती. मुलांना मिळूनमिसळून वागण्यास शिकवणाऱ्या प्रत्येक पालकाने व शिक्षकाने या फरकाचा विचार करावा, म्हणून हा पाठ.

१. मद्रासची वाळू आणि चेन्नईची कार्डे

मुलांनी मुलांकडून शिकावे, या विचाराशी चेन्नईचा जुना संबंध आहे. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाळक १७८७ साली मद्रासला आले आणि १७८९ साली एग्मोर येथील सैनिकांच्या मुलांच्या अनाथाश्रमाची देखरेख त्यांच्याकडे आली. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत असल्याचे त्यांनी पाहिले. ही रीत आपल्याकडे आणावी असे त्यांना वाटले. परंतु त्यांच्या शाळेतील शिक्षक राजी होईनात. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्यावर अक्षरओळखीचा वर्ग सोपवला, आणि त्याने तो यशस्वी करून दाखवला. १७९७ साली बेल यांनी लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे 'मद्रास पद्धत' या नावाने ती रीत इंग्लंडमध्ये व इतर देशांत पसरली.

या पद्धतीने गरिबांच्या असंख्य मुलांना अक्षरे दिली. तथापि तिच्यात एक उणीव राहिली. एक मूल देणारे आणि बाकीची घेणारी, असाच क्रम तिच्यात होता. मोठ्या शाळांतून ती पुढे बरीचशी कवायतीसारखी झाली.

त्याच शहरात २००३ साली महानगरपालिकेच्या १३ शाळांतून निराळा प्रयोग सुरू झाला. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथील ग्रामीण शाळांच्या कामावरून महानगरपालिकेचे तत्कालीन आयुक्त एम. पी. विजयकुमार यांना त्याची प्रेरणा मिळाली होती. मुले व शिक्षक चटयांवर एकत्र बसत. फळे मुलांच्या उंचीवर लावलेले असत. शिडीसारखी मांडलेली कार्डे घेऊन प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे जाई, आणि काही टप्प्यांवर त्याने सोबत्याच्या मदतीने शिकावे अशी योजना होती. पुढे ही पद्धत राज्यभर नेण्यात आली व कालांतराने तिच्यात बदलही झाले. मुलाने मुलाजवळ बसावे एवढे तिने साधले. तरीही माझ्यापुढचा प्रश्न उरतोच : जवळ बसलेल्यास शेजाऱ्याची खरी गरज केव्हा वाटते?

२. धड्याचे तुकडे

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत मिळाले. १९७१ साली टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एकत्र शिकू लागली, आणि वर्गावर्गांत वैर उफाळले. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मुलांना उपदेश केला नाही. त्यांनी धड्याचीच रचना बदलली. मुलांचे लहान मिश्र गट केले, धड्याचे तितकेच भाग पाडले आणि प्रत्येक मुलाला एकच भाग दिला. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर होती. म्हणजे अडखळत बोलणाऱ्या मुलाजवळचा भाग हवा असेल, तर त्याची चेष्टा करून चालणार नव्हते. त्याला धीराने प्रश्न विचारावे लागत. हळूहळू मुले ऐकून घेण्यास शिकली. तुकडे जुळवून पुरे करायच्या चित्रकोड्यावरूनच या पद्धतीस नाव मिळाले.

३. शास्त्र काय म्हणते?

नव्या करारात 'अल्लेलोन' हा ग्रीक शब्द सुमारे शंभर वेळा येतो. मराठीत आपण तो 'एकमेकांस', 'परस्परांवर' असा आणतो. एकमेकांवर प्रीती करणे, एकमेकांची ओझी वाहणे, एकमेकांजवळ पापे कबूल करणे : यांपैकी एकही आज्ञा एकट्याने पाळता येत नाही. ख्रिस्ती जीवनाचे व्याकरणच अनेकवचनी आहे.

करिंथ येथील मंडळीस लिहिताना पौल शरीराचा दृष्टांत देतो. बाविसाव्या वचनातील त्याची शब्दयोजना लक्षात घेण्याजोगी आहे. जे अवयव दुर्बळ दिसतात त्यांच्यावर दया करावी, असे तो तेथे म्हणत नाही. ते आवश्यक आहेत, त्यांच्यावाचून चालत नाही, असा मूळ ग्रीक शब्दाचा भाव आहे. दयेने वागवलेले मूल वर्गात पाहुणे राहते. ज्याच्यावाचून अडते ते मूल घरचे होते.

४. दोन खेळ

पहिला, पाच चौरसांचा. पुठ्ठ्याचे सारख्या मापाचे पाच चौरस घ्यावेत, प्रत्येकाचे तीन तुकडे करावेत आणि सर्व तुकडे मिसळून पाच पाकिटांत घालावेत. काही तुकडे एकाच आकाराचे असावेत. पाच मुलांना पाकिटे द्यावीत. नियम तीन : बोलायचे नाही, खुणेनेही मागायचे नाही, दुसऱ्याच्या पुढ्यातला तुकडा घ्यायचा नाही, फक्त आपला द्यायचा. पाचही जणांपुढे चौरस झाले म्हणजे खेळ पुरा.

या खेळाचे मर्म अनुभवानेच कळते. एखाद्या मुलाचा चौरस चटकन होतो आणि ते हाताची घडी घालून बसते. परंतु त्याने वापरलेला तुकडा दुसरीकडे हवा असतो, आणि तो तेथे अडकून पडल्यामुळे बाकीच्यांचे चौरस होत नाहीत. त्याने आपला पूर्ण चौरस स्वतः मोडला, तरच सर्वांचे पूर्ण होतात. फिलिप्पै येथील मंडळीस पौलाने हेच सांगितले. आपले हित पाहताना दुसऱ्याचेही पाहावे, आणि आपले वैभव घट्ट धरून न ठेवता स्वतःला रिक्त करणाऱ्या ख्रिस्ताची वृत्ती अंगी असावी. हा बोध आधी सांगू नये. खेळ संपल्यावर, "चौरस मोडताना तुला काय वाटले?" एवढेच विचारावे.

दुसरा, योसेफाच्या कथेचा. पाच मुलांच्या गटात उत्पत्तीचे अध्याय असे वाटावेत : ३७, ३९, ४० व ४१, ४२ ते ४४, आणि ४५. एकच भाग मिळालेल्या निरनिराळ्या गटांतील मुलांनी प्रथम एकत्र बसून तयारी करावी, म्हणजे वाचनात मागे असलेल्या मुलाची फजिती होत नाही. नंतर आपापल्या गटात परतून प्रत्येकाने आपला भाग सांगावा. शेवटी असा प्रश्न द्यावा की पाचही भागांवाचून त्याचे उत्तर येऊ नये : "योसेफ भावांशी प्रथम कठोरपणे का वागला, आणि अखेर का रडला?" ज्या घरात भावाभावांत प्रेमाचा शब्द उरला नव्हता, त्या घराची ही कथा आहे. ती एकमेकांकडून ऐकतच मुलांनी पुरी करणे उचित होय.

शिक्षकाने तीन गोष्टी सांभाळाव्यात. गट स्वतः पाडावेत. प्रथम येणाऱ्या गटास बक्षीस ठेवू नये, कारण मग संथ मूल पुन्हा ओझे ठरते. आणि कोणी अडले तर लगेच धावून जाऊ नये. शेजारच्या मुलाला धावण्याची संधी द्यावी.

तिसऱ्या रविवारी मी योसेफाचा पाठ घेतला. तुरुंगाचा भाग त्या मराठी मुलाकडे होता. तो अडखळला, अर्धे मराठीत बोलला. समोरच्या तमिळ मुलीने दोनदा विचारले, "मग पुढे? प्यालेबरदार विसरला का त्याला?" त्याने मान वर केली आणि दोन वर्षे विसरल्याची गोष्ट पुरी सांगितली. त्या दिवशी कोणाचीही मूठ उघडावी लागली नाही.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या शब्बाथ शाळेत असे कोणते मूल आहे, की जे न आल्यास कोणाचे अडत नाही?

२. आपल्या मंडळीच्या कामात 'सगळे मिळून' हे केवळ बोलण्यात आहे की रचनेतही आहे?

३. दुसऱ्याचे पूर्ण व्हावे म्हणून आपला कोणता चौरस मोडण्यास प्रभू आपणांस सांगत आहे?